दांडकं गार्डचं, हुकूम कुणाचा?

मोठ्या किराणा दुकानांत, मॉलमध्ये, कपड्यांच्या साखळी दुकानांत गिऱ्हाइकाला सहसा न दिसणारी एक खोली असते. एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, सीसीटीव्हीचा पडदा आणि एक लांबट रजिस्टर. चोरीच्या संशयावरून धरलेल्याला तिथे बसवतात. पिशवी टेबलावर उलटी करायला लावतात, खिसे चाचपतात, मोबाइल काढून घेतात. मग 'घरच्यांना बोलाव' सुरू होतं. माफीनामा लिहून घेतला जातो, त्यावर अंगठा किंवा सही, हातात चोरलेली वस्तू देऊन फोटो. काही दुकानांत तर वस्तूच्या किमतीच्या दहापट दंड वसूल केला जाईल, अशी पाटीच भिंतीवर असते. समोरचा पोरगा गरीब दिसत असला आणि तोंड वर करून बोलला, तर एखादी थप्पडही बसते.

यातल्या जवळजवळ कुठल्याच गोष्टीचा अधिकार त्या खोलीतल्या कुणालाही नाही. मॅनेजरला नाही, सुपरवायझरला नाही आणि ज्याच्या हातून हे सगळं करवून घेतलं जातं त्या गार्डला तर नाहीच.

गणवेश, शिट्टी, दांडकं आणि गेटवरची जागा एवढं मिळालं की त्या माणसाला काही खास अधिकार मिळतात, असं आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं. गार्डलाही वाटतं. कायद्याच्या नजरेत मात्र तो तुमच्या-माझ्याइतकाच सामान्य नागरिक आहे. खासगी सुरक्षा संस्थांचं नियमन करणारा केंद्रीय कायदा २००५ साली झाला. त्यातली 'खासगी सुरक्षा'ची व्याख्याच लोकसेवक नसलेल्या व्यक्तीने दिलेलं संरक्षण अशी आहे. या कायद्याने गार्डला जादा बळ दिलं नाही, उलट त्याच्यावर बंधनं घातली. लष्कर, नौदल, हवाई दल, पोलीस यांचा किंवा त्यांच्यासारखा दिसणारा गणवेश गार्डने घातला, तर त्याला आणि त्याच्या संस्थेच्या मालकालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे लक्षात ठेवून एकदा आपल्या शहरातले गणवेश पाहावेत. खांद्यावर तारे, काखेतून गेलेली दोरी, टोपीवर सिंहांशी नातं सांगणारा बिल्ला. संस्थेला ते हवं असतं, कारण गिऱ्हाइकाला ते हवं असतं. पोलिसासारखा दिसणारा माणूस कमी पैशात उभा केल्याचं समाधान त्यात असतं. मग तो माणूस पोलिसासारखा वागू लागला, तर दोष एकट्या त्याचा कसा?

सामान्य नागरिकाच्या हातात कायद्याने दोन गोष्टी दिल्या आहेत, आणि गार्डच्या बळाचा सगळा हिशेब या दोहोंतच संपतो. पहिली खासगी बचावाचा हक्क. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं त्याची. जुन्या भारतीय दंड संहितेत ती ९६ ते १०६ होती. आपलं शरीर, दुसऱ्या कुणाचंही शरीर, आपली किंवा दुसऱ्याची मालमत्ता वाचवण्यासाठी बळ वापरता येतं. दुसरी गोष्ट म्हणजे नागरिकाने करायची अटक. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार, आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कुणीही धरू शकतो. पण विनाकारण उशीर न लावता, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायला हवं. सहा तासांची ही मर्यादा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नव्हती, १ जुलै २०२४ पासून आली.

मागच्या खोलीतली पहिली मोठी भानगड इथेच आहे. नव्या संहितेने चोरीच्या कलमात एक भर घातली. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिल्यांदाच दोषी ठरलेला माणूस आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली, एवढं जुळलं तर शिक्षा समाजसेवेची. आणि प्रक्रियेच्या परिशिष्टात पाच हजारांखालच्या या चोरीपुढे अदखलपात्र आणि जामीनपात्र असं नोंदवलं आहे. म्हणजे नागरिकाला अटकेचा जो अधिकार आहे त्याच्या दोन्ही अटी इथे गळून पडतात. शाम्पूची बाटली, चॉकलेटचं पाकीट, अडीचशे रुपयांचा टी-शर्ट. दुकानांतल्या बहुतेक चोऱ्या याच मापाच्या. वस्तू परत घेता येते, बिलाची मागणी करता येते, पोलिसांना फोन करता येतो, दुकानात पुन्हा येऊ नका असं बजावता येतं. पण माणसाला खोलीत डांबून ठेवलं, तर ती बेकायदा कैद होते. तिच्यासाठी कलम १२७ आहे आणि एक वर्षापर्यंतची शिक्षा आहे. किती दुकानांनी २०२४ च्या जुलैनंतर आपल्या गार्डना हे सांगितलं असेल? दहापट दंडाच्या पाट्या अजून भिंतीवर आहेत, यावरून अंदाज करावा. दंड करण्याचा अधिकार न्यायालयाचा. भीती दाखवून पैसे काढायचे, याला कायद्याच्या भाषेत खंडणीच म्हणतात.

झडतीचंही तसंच. खासगी व्यक्तीने एखाद्याला रीतसर धरलं, तरी त्याची अंगझडती घ्यायची ती ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात त्याला दिलं त्या अधिकाऱ्याने, असं कायदा स्पष्ट सांगतो. धरणाऱ्याला फक्त एकच सूट आहे, अंगावरचं घातक हत्यार काढून घेण्याची. चाकू काढून घ्या, पाकीट उघडू नका, इतकी सरळ रेघ आहे ही. मॉलच्या दारात पिशवी तपासतात ती आपल्या संमतीने. तपासू द्यायची नसेल तर आत न जाण्याचा मार्ग मोकळा असतो. आणि कबुली मिळवण्यासाठी मारलं तर? कलम १२० त्यासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं. त्या कलमात 'पोलीस' हा शब्द अट म्हणून नाही. मारणारा कुणीही असो.

आता रात्रीच्या गेटवर येऊ.

समजा, पहाटेचे अडीच वाजलेत. उपनगरातली सात मजली सोसायटी. गार्ड बारा तासांच्या पाळीतल्या सातव्या तासात आहे. रिलीव्हर आला नाही म्हणून कालही डबल ड्यूटी झाली आहे. मागच्या बाजूला ड्रेनेजच्या पाइपाला धरून कुणीतरी चढताना दिसतं. गार्ड शिट्टी मारतो, टॉर्चचा झोत टाकतो. तो माणूस खाली उडी मारतो, गार्ड त्याच्या कॉलरला हात घालतो. झटापट होते. त्या माणसाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर आहे. गार्ड दांडकं त्याच्या मनगटावर मारतो, स्क्रू ड्रायव्हर पडतो. इथपर्यंत गार्डने जे केलं त्याला कायदा पूर्ण पाठबळ देतो. अंधारात, झोपमोडल्या डोळ्यांनी, समोर टोकदार हत्यार असताना त्याने दांडक्याचा फटका नेमका किती जोराने मारावा, याचं मोजमाप नंतर खुर्चीत बसून कुणी काढू नये, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच सांगितलं आहे. १९६२ सालच्या 'जयदेव विरुद्ध पंजाब राज्य' या निकालात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी, म्हणजे आपल्या साताऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे सरन्यायाधीश झालेल्या गजेंद्रगडकरांनी, हे लिहिलं. संकटात सापडलेल्या माणसाचा प्रतिकार सोन्याच्या काट्यावर तोलायचा नसतो.

पण त्याच निकालाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे आणि कमी वाचला जातो. जमिनीच्या वादातून झालेला तो गोळीबार होता. न्यायालयाचं म्हणणं असं की धोक्याची वाजवी भीती जोवर आहे तोवरच बचावाचा हक्क आहे. धोका मोडून पडला, समोरचे लोक पळत सुटले, की हक्कही तिथेच संपतो. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालण्याला बचाव म्हणता येत नाही.

आपल्या सोसायटीच्या गोष्टीत स्क्रू ड्रायव्हर खाली पडला, आरडाओरड ऐकून चार बिऱ्हाडं जागी झाली, पाच-सहा माणसं लुंगी-बर्मुड्यावर धावत आली आणि त्या माणसाचे हात नायलॉनच्या दोरीने गेटच्या खांबाला बांधले गेले, तो क्षण महत्त्वाचा. पाइपावर चढताना तो चोर होता, स्क्रू ड्रायव्हर उगारताना हल्लेखोर होता. खांबाला बांधल्यावर तो फक्त ताब्यातला माणूस आहे. त्याच्यापासून कुणालाही धोका उरलेला नाही. त्यानंतरचा प्रत्येक फटका हा मारणाऱ्याचा स्वतंत्र गुन्हा. आणि आपल्याकडे मारहाण होते ती नेमकी त्यानंतरच. 'मागच्या महिन्यात बाइक गेली ती यानेच नेली असणार', 'दोन दे याला, बरोबर बोलेल'. कुणी कमरेचा पट्टा काढतं, कुणी मोबाइल काढतं. आणि गार्डला हाक येते, ए, दांडकं आण तुझं.

रात्रीच्या घरफोडीत बचावाचा हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो, ही माहिती सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मोठ्या आत्मविश्वासाने फिरते. कलम ४१ मध्ये सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी होणाऱ्या घरफोडीचा उल्लेख आहे, हे खरं. पण त्याच कलमाच्या डोक्यावर ३७ व्या कलमाच्या अटी बसलेल्या आहेत. बचावासाठी आवश्यक त्याहून जास्त इजा करायची नाही. आणि पोलिसांची मदत मागायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. पार्किंगमधून हेल्मेट उचलणारा घरफोड्या ठरत नाही. कंपाउंडची भिंत ओलांडून गच्चीवर झोपायला आलेला दारुडाही नाही. आणि बांधून ठेवलेल्या माणसाला घरफोडीच्या कलमाखाली कुणीही मारू शकत नाही.

असा माणूस पहाटे मेला, तर? समान इराद्याचं तत्त्व कायद्यात आहे. शेवटचा ठोसा कुणाचा हे शोधत बसायची गरज पडत नाही. तरीही अशा प्रकरणांत पहिला हात गार्डच्या दंडावर पडतो. सीसीटीव्हीत त्याचा गणवेश ओळखू येतो, दांडकं त्याच्या नावावर असतं, त्याचा पत्ता रजिस्टरमध्ये असतो आणि त्याच्या बाजूने पोलीस ठाण्यात फोन करणारं कुणी नसतं. सेक्रेटरी म्हणतात, आम्ही मारायला सांगितलं नव्हतं. एजन्सी म्हणते, आमच्या प्रशिक्षणात हे बसत नाही.

प्रशिक्षणाचा प्रश्न खरा आहे, म्हणून तो जरा नीट पाहू. २००५ च्या कायद्याखाली केंद्राने २००६ साली आदर्श नियम केले. त्यांत नव्या गार्डसाठी किमान वीस कामाच्या दिवसांत शंभर तास वर्गात आणि साठ तास प्रत्यक्ष मैदानात, असं एकूण १६० तासांचं प्रशिक्षण सांगितलं. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना त्यातून सूट, त्यांच्यासाठी सात दिवसांत ४० आणि १६ तास. विषयांची यादी भरघोस आहे. आग विझवणं, गर्दी आवरणं, ओळखपत्रं तपासणं, प्रथमोपचार, स्फोटकं ओळखणं, एफआयआर नोंदवण्याची रीत. आणि त्याच यादीत, दंड संहितेच्या जुजबी ओळखीबरोबर, खासगी बचावाचा हक्कही आहे. कागदावर सगळं आहे. प्रत्यक्षात काय होतं ते नालासोपारा, दिवा किंवा पिंपरीच्या एखाद्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, काल गावाहून आलेल्या पोराला विचारावं. आज आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो, उद्या गणवेश, परवा पॉइंटवर उभा. गणवेशाचे पैसे पहिल्या पगारातून कापलेले. १६० तासांचं प्रमाणपत्र फायलीत लागलेलं असतं. गार्डच्या हातात येते ती फक्त साइट आणि पाळी.

ज्याला बळ कसं वापरायचं हे शिकवलेलं नाही, त्याच्याजवळ ओरडणं आणि मारणं यांच्यामधल्या पायऱ्याच नसतात. शिकलेल्या गार्डला त्या पायऱ्या दिसतात. तो आधी अंतर राखून उभा राहतो, हात उघडे आणि कमरेच्या वर ठेवतो, आवाज चढवत नाही, समोरच्याला बाहेर जायची वाट मोकळी सोडतो. एकट्याने अडवत नाही, सोबत्याला बोलावतो. हात लावावाच लागला तर कोपराजवळ धरून वळवतो, गळ्याला हात घालत नाही. दांडकं चालवावंच लागलं तर मांडीवर, डोक्यावर कधीच नाही. यातलं काहीही अवघड नाही. वीस दिवसांच्या प्रशिक्षणात हे सहज बसतं, जर ते प्रशिक्षण खरोखर झालं तर.

एक गोष्ट प्रत्येक गार्डला आणि प्रत्येक सोसायटीला माहीत असायलाच हवी, कारण तिच्या अज्ञानाने माणसं मरतात. धरलेल्या माणसाला जमिनीवर पालथं पाडून त्याच्या पाठीवर बसणं किंवा गुडघा देणं. श्वास घ्यायला छातीचा पिंजरा फुलावा लागतो आणि पोटाला खाली सरकायला जागा लागते. पालथ्या माणसाच्या पाठीवर वजन आलं की दोन्ही बंद होतं. तो नुकताच धावलेला, झटापट केलेला असतो, शरीराला नेहमीपेक्षा जास्त प्राणवायू हवा असतो. दारू प्यायलेला, स्थूल किंवा आजारी असेल तर धोका आणखी वाढतो. श्वास कोंडल्यावर माणूस जीव खाऊन हातपाय झाडतो. वर बसलेल्यांना वाटतं, हा अजून जोर करतोय. ते आणखी दाबतात. मग तो शांत होतो आणि त्यांना वाटतं, आला ताळ्यावर.

२०१० च्या ऑक्टोबरात लंडनच्या हीथ्रो विमानतळावर असंच काहीसं घडलं. अंगोलाला परत पाठवल्या जाणाऱ्या एका माणसाला एका मोठ्या खासगी सुरक्षा कंपनीच्या तीन रक्षकांनी विमानातल्या आसनावरच जखडून ठेवलं. आपल्याला श्वास घेता येत नाही असं तो ओरडत होता, ते सहप्रवाशांनी ऐकलं. तो मेला. २०१३ साली मृत्यूच्या चौकशीत ज्युरीने तो बेकायदा मनुष्यवध असल्याचा निष्कर्ष काढला. पुढच्या वर्षी फौजदारी खटल्यात तिघे रक्षक निर्दोष सुटले. ज्या देशात गार्डला परवाना देणारी स्वतंत्र संस्था आहे, तिथे हे झालं. आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पालथ्या पडलेल्या माणसावर तिघे बसलेले असतात, तेव्हा आजूबाजूच्या दहा जणांपैकी एकाने तरी म्हणायला हवं: उठा, त्याला कुशीवर वळवा, बसता करा, त्याच्याशी बोला.

रुग्णालयांचा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा. तिथे गार्डसमोर चोर नसतो, दुःखाने बधिर झालेले नातेवाईक असतात. २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला जमावाने अमानुष मारहाण केली आणि त्यानंतर राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शासकीय रुग्णालयांत राज्य सुरक्षा महामंडळाचे ११०० रक्षक नेमण्याचं सरकारने कबूल केलं. डॉक्टरांची मागणी रास्त होती. पण तेव्हा झालेल्या उपायांतला सगळ्यात कामाचा उपाय बळाचा नव्हताच. रुग्णासोबत दोनच नातेवाईक, आणि त्यासाठी पास. वीस जणांचा घोळका अतिदक्षता विभागाच्या दारात पोहोचलाच नाही, तर गार्डला कुणालाही ढकलावं लागत नाही. आणि मृत्यूची बातमी कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या न सांगता, खोलीत बसवून, वरिष्ठ डॉक्टरने सांगितली तर निम्मा भडका टळतो. मला यातून एवढंच दिसतं की गार्डने किती बळ वापरावं हा प्रश्न पुष्कळदा गार्डच्या आधी कुणीतरी सोडवलेला किंवा बिघडवलेला असतो. दार कुठे आहे, दिवा कुठे आहे, किती माणसांना आत सोडलं, कुणी काय बोललं, यावरून.

बँका आणि रोकड नेणाऱ्या गाड्यांवरच्या सशस्त्र गार्डबद्दल थोडक्यात. २०१८ च्या केंद्रीय नियमांनुसार रोकड गाडीत चालकाशिवाय दोन सशस्त्र रक्षक लागतात, एका फेरीत पाच कोटींहून जास्त रक्कम नेता येत नाही, शहरात रात्री नऊनंतर एटीएममध्ये पैसे भरता येत नाहीत. हे नियम चांगले आहेत, कारण ते प्रसंगच कमी करतात. पण बारा बोअरची बंदूक घेतलेल्या माणसाची अडचण विचारात घ्या. त्याच्याकडे ओरडण्यानंतर थेट मृत्यू आहे, मधलं काही नाही. दरोड्याच्या वेळी मालमत्तेच्या बचावाचा हक्क, दरोडेखोर जीवाची किंवा इजेची तत्काळ भीती घालत असेपर्यंत चालतो. तो पेटी घेऊन भर बाजारातून पळत सुटला आणि गार्डने मागून छर्रे झाडले, तर त्याला कायद्याचं कवच मिळणं कठीण, आणि ते भाजीवाल्याला लागले तर मुळीच नाही. पैशाला विमा असतो. गार्डला हे बँकेने समजावून सांगितलेलं असतं का?

गार्ड मारतो, तसा गार्ड मारही खातो. ऑगस्ट २०२२ मध्ये गुरुग्रामच्या एका उच्चभ्रू वसाहतीत लिफ्टमध्ये अडकलेल्या रहिवाशाने, बाहेर काढल्याबरोबर, ज्याने मदत केली त्या गार्डच्याच कानशिलात लगावल्या. ते दृश्य देशभर पाहिलं गेलं आणि त्याची तक्रारही झाली. आपल्या गेटांवर स्टिकर नसलेली गाडी अडवली म्हणून, पाहुण्याचं नाव विचारलं म्हणून, बूम बॅरिअर उशिरा उचलला म्हणून शिव्या आणि थपडा रोज पडतात. हवालदारावर हात टाकला तर लोकसेवकावरच्या हल्ल्याचा, अजामीनपात्र गुन्हा. गार्डवर हात टाकला तर साधी दुखापत, अदखलपात्र, एन.सी.चा एक कागद. गार्डने भंगारवाल्या पोराला मारलं तरी तेच कलम, साहेबांनी गार्डला मारलं तरी तेच. कायदा इथे समान आहे. पण गार्ड साहेबांची तक्रार करायला गेला तर दुसऱ्या दिवशी त्याची साइट बदलते. वर हात उचलता येत नाही आणि खाली उचलला तर शाबासकी मिळते, अशा जागी रोज बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाचा राग कुणावर निघणार, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही. कचरा वेचणारी बाई, कुरिअरचा मुलगा, सोसायटीच्या बागेत फुलं तोडायला शिरलेली झोपडपट्टीतली पोरं.

आपल्या गावगाड्यात राखण करणारा रामोशी होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या पेशवाईच्या मुलखावरच्या १८१९ च्या अहवालात गावराखणीच्या त्या व्यवस्थेची नोंद आहे. चोरी झाली की पावलांचा माग काढत जायचं, माग शेजारच्या गावाच्या शिवेत पोहोचला की जबाबदारी त्या गावच्या राखणदारावर. माग आपल्याच हद्दीत विरला, तर भरपाई आपल्यावर. ती व्यवस्था जातीने बांधलेली होती आणि पुढे इंग्रजांनी त्याच समाजावर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तिचं गुणगान मला करायचं नाही. पण भरपाईची ती अट आजही जिवंत आहे, हे पाहून मात्र धक्का बसतो. सोसायटी आणि एजन्सीच्या करारांत एक कलम हमखास असतं. चोरी झाल्यास नुकसान एजन्सीच्या बिलातून वळतं करून घेतलं जाईल. एजन्सी ते गार्डच्या पगारातून वळतं करते. वेतनाचा कायदा अशी कपात सरसकट करू देत नाही. माल त्या कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेला हवा, नुकसान थेट त्याच्या हलगर्जीने झालेलं हवं आणि कापण्याआधी त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी. ही संधी कोण देतो? बाइक गेली, पगार कापला.

माझ्या मते गार्डच्या अवाजवी बळामागचं सगळ्यात मोठं कारण हे कापलेल्या पगाराचं आहे. ज्याच्या मुलीची फी एका चोरीवर अवलंबून आहे, तो संशयिताला सोडून देऊन पोलिसांना फोन करील ही अपेक्षाच चुकीची. तो कॉलरच धरणार. आणि तो खरंखोटं ठरवण्याआधी मारणार, कारण चोरी कबूल करून घेतली तरच त्याचा पगार वाचतो.

महाराष्ट्राला या बाबतीत उत्तर माहीत नाही, असं नाही. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली झालेल्या कायद्याच्या धर्तीवर १९८१ साली आपल्याकडे खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचं नियमन आणि कल्याण यांचा कायदा झाला. केंद्राच्या कायद्याच्या तब्बल चोवीस वर्षं आधी. त्यातून सुरक्षा रक्षक मंडळं उभी राहिली. रक्षकाची नोंदणी मंडळाकडे, पगार मंडळामार्फत, भविष्यनिर्वाह निधी, रजा, गणवेश. एजन्सीचालकांनी त्याला न्यायालयात आव्हान दिलं, कायदा टिकला. मंडळाचा रक्षक आणि 'प्रायव्हेट'चा गार्ड हा फरक आजही गेटवर उभे असलेले लोक एका वाक्यात सांगतात. मंडळाच्या माणसाला कुणी एका फोनवर साइटवरून काढू शकत नाही. म्हणून तो मॅनेजरला 'हे माझं काम नाही' असं म्हणू शकतो. बळाच्या बाबतीत नकार देता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण कायद्यात सूट देण्याची तरतूद आहे, सूट मिळालेल्या एजन्सी पुष्कळ आहेत आणि सोसायट्यांना स्वस्तातला गार्ड हवा असतो.

पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या भांडणाआधी दहा मिनिटं काढता येतील. एजन्सीचा परवाना आणि आपल्या गेटवर उभ्या असलेल्या प्रत्येकाचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मागवावं आणि त्या गार्डलाच विचारावं, हे प्रशिक्षण कुठे झालं. एक पानभर मराठीत आणि हिंदीत लिखित सूचना केबिनमध्ये लावाव्यात. चोर दिसला तर आधी शिट्टी, दिवे, ११२ ला फोन. पळाला तर पळू द्यायचा. धरलाच तर बसवून ठेवायचा, बांधायचा नाही, मारायचा नाही, पालथा पाडायचा नाही, वेळ रजिस्टरमध्ये लिहायची. रहिवाशाने मारायला सांगितलं तर ऐकायचं नाही, आणि असं सांगणाऱ्याचं नावही रजिस्टरमध्ये लिहायचं. त्या पानाखाली चेअरमन आणि सेक्रेटरी यांच्या सह्या हव्यात. गार्डची नको. बारा तासांऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्या केल्या तर प्रत्येक फ्लॅटमागे महिन्याला किती वाढतात, तो आकडा खजिनदाराने सभेत वाचून दाखवावा आणि मग मत घ्यावं. सूचनापत्र लिहून झालं, की एजन्सीबरोबरचा करार उघडावा आणि चोरीची भरपाई वसूल करण्याचं कलम शोधून त्यावर सरळ काट मारावी.